सिगारेटच्या पाकिटातली चांदी

ती चांदी मी लावली होती. अप्पांच्या गाडीतल्या फ्यूजवर, स्वारगेटजवळ, भर दुपारी, माझ्या या दोन हातांनी. एवढं साधं वाक्य — पण अठ्ठावीस वर्षं मी ते कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी त्या वाक्याला वळसा घालून गेलो. गेल्या महिन्यात ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. आता तुम्हाला सांगतोय. सलग सांगता येईल असं नाही.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. चांदी लावणं हा माझा खरा गुन्हा नाही. तो पुढे आहे. पण तिथे एकदम जाववत नाही.

अप्पा म्हणजे माझे सासरे. नारायण पेठेत राहायचे. एका शाळेत तीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मग हौसेनं एक जुनी, क्रीम रंगाची गाडी घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असायचा तशी. त्यांच्या गल्लीत ती उभी करायची म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरायची. शेजारचे एक गृहस्थ एकदा गॅलरीतून म्हणाले, "सर, गाडी लावताय की टाचणी टोचताय?" अप्पा मान वर न करता म्हणाले, "लावतोय. टोचायला आपण आहातच."

बोलणं असं कोरडं. पण हाताला माया होती. डॅशबोर्डखाली फ्यूजचं खोकं होतं, त्याच्या झाकणाच्या आतून त्यांनी बारीक, वळणदार अक्षरांत कागद चिकटवला होता — कुठला फ्यूज कशाचा. समोरच्या खणात ॲल्युमिनियमची एक डबी, तिच्यात कापसावर ठेवलेले दोन नवे फ्यूज. पांढऱ्या चिनी मातीची कांडी, करंगळीच्या पेराएवढी, आणि तिच्यावर धातूची पातळ पट्टी. वीज जास्त वाहिली की ती पट्टी वितळते आणि बाकीचं सगळं वाचतं. मला पहिल्यांदा किल्ली दिली तेव्हा अप्पांनी शेजारी बसून हे समजावलं होतं. "फ्यूज उडाला तर लगेच नवा घालायचा नाही. आधी का उडाला ते शोधायचं. नवा घालणं हे शेवटचं काम." मी मान हलवली. नवा जावई हलवतो तशी.

त्या खोक्याला अप्पांशिवाय फक्त एका माणसाचा हात लागायचा. दत्ता मिस्त्रीचा.

दत्ता त्यांचा विद्यार्थी. दहावीला बसला त्या वर्षी शाळेच्या तोंडी परीक्षेत अप्पांनी त्याला नापास केलं होतं. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो "आठवत नाही सर" म्हणाला होता म्हणे. पण तोच मुलगा प्रयोगशाळेतलं बंद पडलेलं यंत्र दहा मिनिटांत चालू करून देतो, हे अप्पांनी पाहिलं होतं. शाळा सुटल्यावर रोज तासभर त्याला थांबवून घेतलं, वायरिंग शिकवलं, त्याच्या वडिलांना जाऊन भेटले. पुढे पेठेतच दत्तानं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं तेव्हा नारळ अप्पांनी फोडला. दर दसऱ्याला दत्ता सकाळी सातला दारात हजर. गाडी पुसायचा, झेंडूचा हार घालायचा, अप्पांच्या हातात आपट्याची पानं ठेवून पायावर डोकं टेकवायचा. अप्पा म्हणायचे, "ऊठ, ऊठ. पाया पडून विषय सुटत नसतो." आणि दत्ता हसायचा. अप्पांना मुलगा नव्हता. विद्या ही एकुलती एक, माझी बायको. मुलाची जागा कुणाची होती, हे मला लग्नानंतर वर्षभरात कळलं. माझी नव्हती.

मला त्याचा राग होता का? नसावा. पण हे सांगून टाकलेलं बरं.

आता ती दुपार. माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला येणार होती, स्वारगेटला एसटीनं. मी अप्पांकडून गाडी मागून घेतली. निघायला उशीर झाला होता. आई उन्हात पिशव्या घेऊन उभी असेल या विचारानं मी सारखा हॉर्न दाबत होतो. स्वारगेटच्या अलीकडे हॉर्नचा आवाज मध्येच तुटला. इंडिकेटरही गेला. गाडी कडेला घेतली, झाकण उघडलं, अप्पांचा कागद वाचला. डबीतला एक फ्यूज घातला, हॉर्न दाबला — उडाला. दुसरा घातला. तोही उडाला.

तुम्हीच सांगा, याहून स्पष्ट कसं सांगायचं त्या बिचाऱ्या फ्यूजांनी? कुठेतरी वायर सोलली गेली होती, धातूला टेकत होती. आधी का उडाला ते शोधायचं. मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण मागून रिक्षावाले ओरडत होते. एकजण वाकून पाहत म्हणाला, "काका, बघत काय बसलाय त्याच्याकडं? चांदी गुंडाळा अन् निघा की!" माझं वय तेव्हा एकोणतीस होतं.

चांदी म्हणजे सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद. जळक्या फ्यूजवर तो गुंडाळला की वीज पुन्हा वाहू लागते. हॉर्न वाजतो, सगळं चालतं. फक्त आता वितळून इतरांना वाचवणारं मध्ये कुणी उरत नाही. अप्पांना या प्रकाराची चीड होती. चांदी लावलेली गाडी म्हणजे त्यांच्या लेखी खोटं बोलणारी गाडी.

पाकीट माझ्या खिशातच होतं. आणि गोष्ट तिथेच अडकली. माझं लग्न ठरवताना आमच्या काकांनी अप्पांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं, "मुलगा निर्व्यसनी आहे. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही." मी शेजारी खाली मान घालून बसलो होतो. कॉलेजपासून ओढत होतो. विद्यालाही माहीत नव्हतं. मी चांदी फाडली, घडी घातली, फ्यूजवर गुंडाळली, फ्यूज जागेवर बसवला. हॉर्न खणखणीत वाजला. आईला घेऊन आलो. गाडी जागेवर, चार-चार बोटं सोडून, लावली.

त्या संध्याकाळी सांगायचं होतं. अप्पा विचारतील, चांदी कुठून आणलीस? पानवाल्याकडून, असं म्हणता आलं असतं. पण ते भौतिकशास्त्राचे मास्तर. दोन प्रश्नांत माझा खिसा उघडा पाडला असता. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी काय केलं सांगू? कचेरीतून येताना दोन नवे फ्यूज विकत घेतले आणि गुपचूप त्या डबीत, कापसावर, होते तसे ठेवले. चांदी मात्र काढली नाही. कारण काढून नवा फ्यूज घातला असता तर तो उडाला असता, आणि मग का उडाला हे सांगावं लागलं असतं. म्हणजे मला सगळं समजत होतं. विसरलो, घाईत राहून गेलं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ती डबी मध्ये येते. विसरणारा माणूस डबी भरून ठेवत नाही.

त्या रविवारी अप्पा सासूबाईंना घेऊन सोलापूर रस्त्यानं एका लग्नाला निघाले. हडपसरच्या पुढे डॅशबोर्डखालून धूर आला. अप्पांनी सासूबाईंना आधी बाहेर काढलं. त्या धांदलीत त्या पडल्या, गुडघा फुटला. मग अप्पांनी उघड्या हातानं पेटती वायर ओढून तोडली. उजव्या हाताची तीन बोटं भाजली. फळ्यावर आयुष्यभर लिहिलेली बोटं. पुढचे दोन महिने त्यांना आमटीभातही डाव्या हातानं, चमच्यानं खावा लागला.

मी पोहोचलो तेव्हा सासूबाई गुडघ्याला पट्टी बांधून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "देवाची कृपा बघा जावईबापू. बुधवारी तुम्ही गाडी नेलीत तेव्हा काही झालं नाही. तुमच्या आई होत्या हो गाडीत." आणि त्यांनी देवाकडे पाहून हात जोडले. माझ्याकरता.

मी "हो" म्हणालो.

अप्पांनी खोकं उघडून पाहिलं होतं. करपलेली चांदी त्यांना दिसली होती. त्याच आठवड्यात सोमवारी दत्तानं गाडीला नवे दिवे बसवले होते. खोक्याला दुसरा हात लागतोच कुणाचा? मी गाडी नेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जावयाचं नाव मनात आणायचं नसतं. आलंच असतं तरी डबीत दोन फ्यूज जसेच्या तसे होते.

दोन दिवसांनी अप्पा म्हणाले, "चला जरा माझ्याबरोबर." आम्ही चालत दत्ताच्या दुकानी गेलो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. अप्पांचा उजवा हात पट्ट्यांत. डाव्या हातानं त्यांनी खिशातली कागदाची पुडी काढून गल्ल्यावर ठेवली.

"दत्तू, हे काय आहे, ओळख."

दत्ताचं लक्ष आधी त्यांच्या हाताकडे गेलं. "सर, हाताला काय झालं?"

"आधी उत्तर."

त्यानं पुडी उघडली. "चांदी आहे, सर."

"कुणी लावली?"

दत्ता त्या तुकड्याकडे पाहत राहिला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझ्या शर्टाच्या खिशात त्याच जातीचं पाकीट होतं. मी खिशावर हात ठेवला. छातीत दुखतं तसा.

"आठवत नाही, सर," दत्ता म्हणाला.

अप्पांनी मान हलवली. आवाज चढवला नाही. "हेच उत्तर तू मला तोंडी परीक्षेत दिलं होतंस. तेव्हा नापास केलं म्हणून मला इतकी वर्षं वाईट वाटत होतं. उगीच वाटत होतं."

आणि वळले. दत्ता गल्ल्यामागून बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला. त्यानं हाक मारली नाही. मी एकदा मागे वळून पाहिलं आणि लगेच पुढे बघून चालू लागलो. गल्लीच्या टोकाशी अप्पा थांबले. त्यांना धाप लागली होती. मी त्यांचा दंड धरला. "उन्हाचं चालवत नाही हल्ली," असं म्हणाले. ऊन नव्हतं.

पुढचा दसरा. आम्ही सणाला गेलो होतो. अप्पा पहाटे उठून दाढी करून खिडकीत बसले. सात वाजले, आठ वाजले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, पूजा उरकून घ्या ना." अप्पा म्हणाले, "आज त्याच्याकडे गाड्यांची गर्दी असेल." साडेदहाला ते उठले आणि गाडीला स्वतःच हार घातला. ती तीन बोटं तेव्हाही पुरती वळत नव्हती. गाठ बसेना. मी पुढे झालो. "द्या, मी बांधतो." मी हार बांधला. मी! त्या क्षणी सांगता आलं नसतं? श्रीखंड वाढायला अजून तासभर अवकाश होता.

आता तिथे येतो, जिथे यायचं टाळत होतो.

पुढे सात-आठ वर्षं गेली. माझी सिगारेट सुटली. आमची मुलगी शाळेत जायला लागली. अप्पांनी गाडी विकली. त्यांचं हृदय थकलं होतं, बाहेर पडणं कमी झालं होतं. एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. विद्या आणि सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. अप्पा खुर्चीत बसून आपल्या उजव्या हाताच्या बोटांवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवत होते. त्यांची ती सवयच झाली होती. मध्येच म्हणाले, "दत्तूला मी जरा जास्तच बोललो."

मी समोरचं वर्तमानपत्र उचललं.

"वायरिंगला असा हात पुन्हा पाहिला नाही कुणाचा. एखाद्या वेळी चुकला असेल. माणूस आहे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही येता का बरोबर? जाऊन येऊ त्याच्याकडे. इथून पाच मिनिटं तर आहे."

ते मला विचारत होते. ज्या माणसानं कुणाकडे कधी काही मागितलं नाही, तो मला सोबत मागत होता. आणि मी घाबरलो. ते दोघं समोरासमोर बसले, शांतपणे बोलायला लागले, सोमवार आणि बुधवार यांचा हिशेब जुळवायला लागले, तर? दत्ता म्हणाला, सर, मी तर फक्त दिवे बसवले होते, तर?

मी म्हणालो, "जाऊ द्या अप्पा. चूक त्याचीच होती. आता उकरून कशाला काढायचं? तुम्हालाच त्रास होईल."

हा माझा गुन्हा. चांदी नाही, ती डबी नाही, दुकानातलं गप्प उभं राहणंही नाही. हे वाक्य. काळजी दाखवणाऱ्या आवाजात बोललेलं. अप्पा म्हणाले, "हं. असेल तसंच." त्यांचा माझ्यावर विश्वास होता. पुढच्या मार्च महिन्यात ते गेले.

वैकुंठ स्मशानभूमीत मागच्या बाजूला दत्ता उभा होता. चपला काढून. सगळं झाल्यावर माणसं पांगली तेव्हा त्यानं लांबूनच हात जोडले. सरांचा जावई म्हणून, मला.

त्यानंतर वीस वर्षं गेली. काहीच घडलं नाही, हे कबूल करायला सगळ्यात जड जातं. दिवस नीट गेले. झोप लागत होती. मुलीचं लग्न झालं, सासूबाई गेल्या. कधीतरी एखाद्या गाडीचा हॉर्न मध्येच तुटला की मी तिकडे वळून बघायचो, बस.

गेल्या महिन्यात माझ्या गाडीतला मोबाइल चार्ज करायचा पॉइंट बंद पडला. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, फ्यूज गेला असेल, दोन मिनिटांचं काम आहे, व्हिडिओ बघून करा." झाकण उघडलं. आतून छापील तक्ता होता, कुठला फ्यूज कशाचा. हल्लीचे फ्यूज प्लॅस्टिकचे, रंगीत, नखाएवढे. त्यातला जळका मी चिमट्यानं ओढून काढला, उजेडात धरला. आतली तार मधोमध तुटली होती. आणि मला तो घालता येईना. नवा हातात होता, तरी घालता येईना. मी गाडीतच बसून राहिलो. विद्या खाली आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, पाकिटापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. ती दार उघडं धरून उभी होती. सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाली, "अप्पांना सांगायचं होतंत हो." मग वर निघून गेली. दोन दिवसांनी तिनंच पेठेत चौकशी करून पत्ता माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "मी येणार नाही. तुमचे तुम्ही जा."

दत्ताभाऊ आता हडपसरपलीकडे, मांजरी गावात मुलीकडे राहतात. नव्या इमारती, आणि त्यांना लागूनच ऊस. चौथ्या मजल्यावर दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, चष्मा जाड. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मला ओळखलं. "या, या, जावईबापू," म्हणाले. सरांच्या घरचं माणूस म्हणून आत वर्दी गेली, पाण्याचा तांब्या आला, चहाचं आधण ठेवलं गेलं. विद्याची चौकशी केली. मी पाण्याला हात लावला नाही. म्हणालो, "दत्ताभाऊ, सरांच्या गाडीतली ती चांदी मी लावली होती."

मला वाटत होतं, त्यांना तेव्हाच कळलं असणार. अठ्ठावीस वर्षं मी असं धरून चाललो होतो की त्यांना ठाऊक आहे आणि सरांच्या घरासाठी ते गप्प राहिले. त्यात मला थोडा आधारही वाटायचा, हेही सांगतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"म्हणजे मी नव्हती लावली," ते म्हणाले.

बाहेर उसावरून वारा जात होता, त्याची सळसळ वर येत होती.

"रिक्षावाले आग्रह करायचे ना, तेव्हा त्यांना द्यायचो लावून. दिवसातून दहादा. मला वाटलं, सवयीनं सरांच्या गाडीतबी लागली असंल हातून. खरंच आठवत नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवसापासून कुणाला लावली नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी नाही. आणि काम झालं की दोनदा उघडून बघायचो. अजून बघतो. हा मिक्सरबी आत्ता दुसऱ्यांदा उघडलाय."

मग विचारलं, "सरांना कळलं होतं?"

मी "नाही" म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मी तिथेच थांबलो असतो तर चाललं असतं. चहा आला होता. पण एक गोष्ट उरली होती, ती त्यांची होती, आणि मी ती वीस वर्षं माझ्याकडे ठेवून घेतली होती. मी खुर्चीवरून उठून खाली, त्या वर्तमानपत्राशेजारी बसलो.

"दत्ताभाऊ, जायच्या आधी सर म्हणाले होते, दत्तूला मी जास्तच बोललो. म्हणाले होते, वायरिंगला असा हात पुन्हा पाहिला नाही. त्यांना तुमच्याकडे यायचं होतं. पाच मिनिटांवर होतात तुम्ही. मला बरोबर चला म्हणाले, आणि मी त्यांना सांगितलं की चूक तुमचीच होती. म्हणून ते आले नाहीत. तुमच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. मी चुकलो."